वर कोण हाय?

वरची वाडी, पौड
२१ जानेवारी १९६२

जयसिंग,

आशीर्वाद लिहायला हात वळेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. वाईट वाटलं तर वाटू दे.

संक्रांतीला तू धाडलेलं लुगडं मी पोस्टमनच्या हाती तसंच परत दिलं. सुतळीसुद्धा सोडली नाही. चांगलं असेल, महागाचं असेल, शेजारणी बघायला जमल्याही होत्या. पण मला लुगडं नको, मला उत्तर हवं आहे.

तुझ्या दाजींना तू पौडच्या स्टँडवर आणून आमच्या वाडीतल्या भैरूच्या हवाली केलंस आणि त्याच गाडीनं पाठमोरा झालास, त्याला आता दोन वर्षं होत आली. वाडीपर्यंत आला नाहीस. बहिणीचं तोंड बघितलं नाहीस. त्यांचं इथं काय चाललंय हे तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.

उजवा डोळा गेला तो गेला. खांद्याचं हाड वाकडं जुळलं, हात कानाच्या वर जात नाही. याचं मी काही म्हणत नाही. तेलाच्या खोदाईवर लोखंडाशी खेळ असतो, हे तुम्ही दोघं माहेराहून, घोटावड्याहून निघालात तेव्हाच मला कळत होतं. पण हा माणूस घरात येत नाही रे. आला त्या दिवशी उंबऱ्यात उभं राहून वर बघितलं, आढ्याला शिंकं लोंबत होतं, ते बघून मागं फिरला आणि खळ्यावर जाऊन बसला. मी शिंकं काढलं. कांद्याच्या माळा काढल्या, बियाण्याची गाठोडी काढली, कंदील काढून भुईवर ठेवला. भिंतीवरचे देवसुद्धा खाली कोनाड्यात आणले. घर असं मोकळं केलं की बघणाऱ्याला वाटावं ही बाई बिऱ्हाड हलवतेय. तरी आत येत नाहीत. झाडाखाली बसत नाहीत. खळ्याच्या मधोमध, उघड्यावर, तिथंच जेवण आणि तिथंच झोप. घार वरून गेली तरी अंग चोरतात.

थंडी, ऊन एक वेळ निघतं. आपल्या मावळातला पाऊस तुला माहीत आहे. गेल्या पावसात नुसत्या इरल्याखाली बसून राहिले आणि तापानं फणफणले. पौडचे डॉक्टर खळ्यावर येऊन तपासून गेले. म्हणाले, बाई, छातीत पाणी झालं होतं, थोडक्यात वाचले, आणखी एक पावसाळा असा काढला तर यांची आशा ठेवू नका.

आता विचारते. माझे थोरले दीर हैबतराव भर चावडीत सांगतात की मेव्हण्यानंच वरून लोखंड टाकलं. तुमच्या तळावर पौडचा एक जण होता, त्यानं येऊन सांगितलं की त्या आधी तुम्ही दोघं भांडला होता आणि एकमेकांशी बोलत नव्हता. दाजींना शेतात राब भाजायच्या दिवसांत घरी यायचं होतं, आणि तू म्हणत होतास की नोकरी जाईल. एवढं खरं आहे, ते अपघाताच्या आधी दाजींनीच पत्रात लिहिलं होतं.

तू टाकलंस का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

आक्का


१८ फेब्रुवारी

जयसिंग,

पत्र मिळालं. चार ओळी. तुझ्या मास्तरांनी बघितल्या असत्या तर तुला अंगठे धरून उभं केलं असतं.

लिहितोस की टाकलं नाही. खोदाईच्या मनोऱ्याच्या शेंड्याजवळ खीळ तुटली, पाइप उचलायची लोखंडी कडी सुटली, तू तिथंच वरच्या फळीवर होतास, सुटताना बघितलंस आणि ओरडलास. दाजी बाजूला झाले नाहीत. बस्स.

मी हे पत्र हैबतरावांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्यो आनि काय लिवनार? टाकलं म्हनून कोन लिवतं का?" आणि पान जुळवत बसले. मी पत्राची घडी घालून घरी आले. पण खरं सांगू का, मलाही पटलं नाही.

कारण मी तुझ्या दाजींबरोबर संसार केला आहे. हा माणूस डोंगरात वाढलेला. म्हैस उधळली, साप निघाला, कड्यावरून धोंडा सुटला, की आधी हे बाजूला आणि मग बाकीचे. आमच्या लग्नाच्या मांडवाचा खांब पडला होता तेव्हा सगळे बघत राहिले आणि नवरा मला ओढून चार हात लांब. तूच हसत सुटला होतास. असा माणूस, तू वरून ओरडल्यावर, जागचा हलला नाही? का हलला नाही? काय ओरडलास तू?

अजून एक. आधी मला ती बडबड वाटायची, आता वाटत नाही. दुपारी एकटे असले की तोंडातल्या तोंडात म्हणतात, "बघितलं की. बघितलं की मी." कुणाला तरी समजावतात. आणि मी कधी हाताला धरून म्हटलं की चला, आत चला, तर उंबऱ्यापर्यंत येतात आणि विचारतात, "वर कोन हाय?" मी म्हणते, कोणी नाही हो, नुसतं छप्पर आहे. की हात सोडवून परत खळ्यावर.

छपरावर कोणी नाही याची या माणसाला भीती का वाटावी? कोणी असलं तर वाटावी ना? मला काही सुधरत नाही. माझी भाकरी तव्यावर करपते आणि मी छपराकडं बघत बसते. मलाही आता वर बघायची सवय लागली आहे. लोक म्हणायला लागलेत, नवऱ्याचं बायकोला लागलं.

आक्का


११ मार्च

जयसिंग,

तू उत्तर दिलं नाहीस. देऊ नकोस. मला कळलं.

राबाची तोड चालली आहे. तेलाच्या मुलखात राहून विसरला असशील तर सांगते, भाताच्या रोपाची भुई भाजायला आपण झाडांच्या फांद्या तोडतो आणि बायका खाली मोळ्या बांधतात. परवा भैरू खळ्याच्या वरच्या अंगाला ऐनाच्या झाडावर चढला होता. खाली उतारावर आम्ही बायका. फांदी तुटायला आली तसा तो नेहमीसारखा ओरडला, "वर बघा गंऽऽ!"

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. फांदी कुठं कलतेय ते बघून दोन पावलं डावीकडं सरकलो, फांदी उजवीकडं पडली. कुणाला काही विशेष वाटलं नाही. जन्मापासून हेच चाललं आहे. वरच्यानं ओरडायचं आणि खालच्यानं बघायचं. कड्याचा धोंडा असो, मोळी असो, फांदी असो, उतारावरून येतं ते दिसत येतं. जो मान खाली घालून पळतो त्याच्या पाठीत बसतं. पोर चालायला लागलं की आपण त्याला हे शिकवतो.

पण त्या हाकेसरशी खळ्यावरून जी किंकाळी आली, ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुझे दाजी दोन्ही हातांनी तोंड झाकून खळ्यालगतच्या नांगरटीत पालथे पडले होते. मी धावत गेले. मला घट्ट धरून म्हणाले, "मी बघितलं की गं. त्यानं सांगितलं तसं बघितलं."

मी तिथंच ढेकळांत बसले.

जयसिंग, तू हेच ओरडलास. तिथं तुम्हाला साहेबानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, ऊपर मत देखो, भागो? हसून तूच मला सांगितलं होतंस, की मनोऱ्यावरून पडतं ते सरळ येतं, बघायला वेळच नसतो, डोक्यावर लोखंडी टोपी असते ती वाचवते. आणि ऐन वेळेला तुझ्या तोंडून साहेबाचं काही निघालं नाही. आपलं निघालं. सगळा तळ हिंदी-गुजराती, पळाले असतील सगळे. एकटे दाजी थांबले. घरचा आवाज आला म्हणून थांबले आणि त्यांनी तोंड वर केलं. टोपी डोक्यावर होती, तोंडावर नव्हती.

हेच ना?

आक्का


१५ एप्रिल

जयसिंग,

"होय" एवढा एकच शब्द लिहिलेलं पत्र पोस्टानं यायला आठ दिवस लागले. त्याच्या खाली काही खोडलेलं आहे. उजेडात धरून वाचायचा प्रयत्न केला. मग म्हटलं, ज्याचं त्यानं खोडलं आहे, राहू दे.

मला तुझा राग आला आहे. तो येणारच. पण तू लोखंड टाकलं असतंस तर मला सोपं गेलं असतं. तुला शिव्या दिल्या असत्या, माहेर तोडलं असतं, हैबतरावांच्या पंक्तीला बसून तुझ्या नावानं बोटं मोडली असती. आता मी कुणाच्या नावानं बोटं मोडू? तुला ती हाक कुणी शिकवली? दाजींनीच. तू पहिल्यांदा आमच्याकडं राबाला आलास, फांदी तोडलीस आणि ओरडायला विसरलास. फांदी माझ्या पायाशी पडली. दाजींनी तुला खाली उतरवून मुस्काटात दिली होती. "हात न्हाई चालला तरी चालंल, तोंड चाललं पायजे," म्हणाले होते. दिवसभर तुला नुसतं वर चढवून ओरडायला लावलं, नि आम्ही सगळ्या हसत होतो. इतका पक्का करून घेतला त्यांनी तुला.

ते आठवून मी रडले. तुझ्यासाठी रडले की त्यांच्यासाठी, ते मला माहीत नाही. बहुधा दोघांसाठी.

आता कामाचं ऐक. मला आता कळतं ते काय विचारतात. वर कोण हाय, म्हणजे वरून सांगणारं कोण आहे. वर कोणी नाही म्हटलं की त्यांच्या दृष्टीनं पडणारी वस्तू बिनहाकेची पडणार. भैरूला मागच्या मे महिन्यात छपरावर चढवला होता, तेव्हाही विचारलं. मी म्हटलं, भैरू. तर मान हलवून गेले. भैरूच्या भरवशावर ते आत येणार नाहीत.

तू ये. मे संपायच्या आत छप्पर शाकारायचंच आहे, कौलं परतायची आहेत. तू वर चढ. मी त्यांना सांगेन, वर जयसिंग आहे. ते आत येतील किंवा तुझं नाव ऐकून कायमचे बिथरतील. मला सांगता येत नाही, आणि सांगता येतं असं मी तुला खोटं लिहिणार नाही. पण पाऊस येणार हे नक्की आहे, आणि खळ्यावर तो त्यांना नेणार हेही नक्की आहे.

क्षमा मागायला येऊ नकोस. ते बोलणं माझ्याकडून आत्ता होणार नाही. कौलं परतायला ये.

आक्का


१३ मे

जयसिंग,

रजा मिळाली हे बरं झालं. हैबतरावांची काळजी करू नकोस. ते म्हणाले, "त्यो वाडीत पाय ठेवंल तर तंगडं मोडीन." मी म्हटलं, "भावजी, घर गळतंय. तुमी चढता का वर?" त्यांचं पोट तुला ठाऊक आहे. तंबाखू मळत उठून गेले.

वाडीत आलास की सरळ मागच्या अंगानं ये. शिडी लावून ठेवते. दाजींच्या समोर आधी जाऊ नकोस. वर पोहोचलास की दोन कौलं वाजव, म्हणजे मला कळेल.

आक्का


२४ जून

जयसिंग,

तू त्या दिवशी पाणीसुद्धा न पिता निघून गेलास. भैरूनं तुला ओढ्याच्या वाटेनं पौडकडं जाताना बघितलं. म्हणाला, "ओठ हालत व्हते, पर आवाज न्हवता." तळावर पोहोचल्याचं तुझं पत्र नाही. तू काय समजून गेलास ते मी ओळखते. तू वर होतास, खाली काय झालं ते तुला दिसलं नाही. म्हणून सगळं लिहिते. पूर्ण वाच, मध्येच घडी घालू नकोस.

तू कौलं वाजवलीस तशी मी खळ्यावर गेले. म्हटलं, उन्हाचा तडाखा आहे, चला आत. ते नेहमीप्रमाणं म्हणाले, "वर कोन हाय?" मी म्हटलं, "जयसिंग हाय." त्यांनी भुईकडं बघितलं. मग म्हणाले, "कवा आला?" मी म्हटलं, आत्ताच. तर उठले. हात धरू दिला नाही. स्वतःच्या पायानं चालत आले.

वळचणीखाली एक पाय आत टाकला आणि तेवढ्यात वर कौल सुटलं. घरंगळल्याचा आवाज मी ऐकला. अंगणात तुझी सावली पडली होती, सावलीचा हात वर गेलेला मला दिसला. मी तुझ्या आवाजाची वाट बघितली. आवाज आला नाही. मला तेव्हा कळलं की तुझ्या तोंडून तो येणार नाही, दोन वर्षांपूर्वीच तो तुझ्या घशात थिजला आहे.

आणि मी ओरडले. काय ओरडले असेन? "वर बघाऽऽ!"

ऐकलंस? मी. जी दोन वर्षं तुझ्या नावानं जळत होती, जिला सगळं कळलं होतं, जिनं त्या हाकेपायी नवऱ्याला ढेकळांत लोळताना बघितलं होतं, ती मी. विचार करायला वेळच नव्हता आणि जिभेवर दुसरं काही नव्हतंच. ओरडले आणि तिथंच वाटलं, आता संपलं. मीच मारलं यांना.

त्यांनी वर बघितलं. तोंड झाकलं नाही. त्या एका डोळ्यानं नीट वर बघितलं. कौल छपराच्या उतारावरून खडखडत आलं, ते कुठं येतंय ते त्यांनी बघितलं आणि अर्धं पाऊल सरकले. कौल उंबऱ्याशी फुटलं. पायानं तुकडे बाजूला सारले आणि म्हणाले, "भैरूनं मागल्या वर्साला बसवलंय ह्ये. त्येला कवा जमलं न्हाई." आणि आत जाऊन चुलीपाशी बसले. भाकरी मागितली. मला ती थापता येईना, पीठ सगळं डोळ्यांच्या पाण्यानं सैल झालं.

बाहेर येऊन तुला हाक मारली तर शिडी होती आणि तू नव्हतास. कौल फुटल्याचं ऐकून तू समजलास की परत तेच झालं, आणि या खेपेला ओरडलो नाही म्हणून झालं. तसं नाही झालं रे. ते आत आहेत. पाऊस लागून आठवडा झाला, ओढा भरून वाहतो आहे, आणि तुझे दाजी कोरड्या जागेत वाकळ पांघरून झोपतात. खोकला आहे, पण ताप नाही. हैबतराव परवा येऊन टेकून गेले. तुझं नाव काढलं नाही, शिवीही दिली नाही. त्यांच्याकडून एवढंच पुष्कळ.

आता तुझ्याबद्दल. तू परत त्या मनोऱ्यावर चढत असशील. चढू नकोस. साहेबाला सांग आणि खालचं काम माग, नाहीतर सोडून ये, घोटावड्याचं घर आणि रान तुझं आहे. ज्याच्या गळ्यातून आवाज निघत नाही त्यानं वर राहू नये, जयसिंग. मी अंगणात उभी राहून ते बघितलं आहे. तिथं खाली कुणाचे तरी दाजी उभे असतात.

आणि इथं मला एकटीला आता पेलत नाही. ते अजून रोज विचारतात, वर कोन हाय. मी काय सांगू? नाही म्हटलं तर उठून खळ्यावर जातील, या पावसात. मी म्हणते, जयसिंग हाय. त्यांना ते पटतं. तू आलास आणि वरच राहिलास, असं त्यांनी धरलं आहे. दोन दिवस झाले, पावसाची सर जोरात आली की ते अस्वस्थ होतात. म्हणतात, "भिजत आसंल त्यो. किती येळ बसवतीस वर? जेवाय बोलीव त्येला." काल तुझं ताट करायला लावलं. मी ताट केलं. मग अंगणात गेले, पावसात छपराकडं तोंड करून तुला हाक मारली, थोडी थांबले, आणि आत येऊन त्यांना सांगितलं, "येतोय म्हनला."

आक्का